पडणारे डाग

सोफे, गालिचे आणि गाद्या घरी येऊन धुऊन देण्याचा मामाचा धंदा कित्येक वर्षं नुसत्या ओळखीपाळखीवर चालला आणि मग एकाएकी बसला. लोक आता शेजारणीला विचारत नव्हते, फोनला विचारत होते, आणि फोनमध्ये मामा कुठे दिसत नव्हता.

"मी आहे त्यात," मामा म्हणायचा, "पण चौथ्या पानावर. तिथवर माझी बायकोसुद्धा येत नाही."

मग धाकटी आली. धाकटी म्हणजे त्याच्या बहिणीची दुसरी मुलगी. संख्याशास्त्रात पदवी घेतलेली, चष्म्याच्या काचा सारख्या पुसणारी, आणि घरात जन्मल्यापासून सगळ्यांसाठी धाकटीच. तिने गोदामाच्या पोटमाळ्यावर टेबल मांडलं. खाली साबणाचे पिंप, वाळत टाकलेल्या नळ्या आणि पाणी ओढून घेणारी यंत्रं. ती यंत्रं चालवणाऱ्या गड्याला सगळे पंप म्हणत. तो इतका जाड होता आणि नाकाने असा श्वास ओढायचा, की यंत्र बंद केलं तरी चालू असल्यासारखं वाटे.

पहिल्या दिवशी धाकटीने मामाला समोर बसवून लिलाव समजावला. कुणी फोनमध्ये 'सोफा धुणे' असं लिहिलं, की पापणी लवायच्या आत लिलाव होतो. ज्याची बोली मोठी आणि पान चांगलं, त्याचं नाव सगळ्यांत वर. लोक वरचंच नाव दाबतात. दाबलं, की बोलीचे पैसे कापले जातात.

"म्हणजे गिऱ्हाईक नुसतं दारात डोकावलं तरी पैसे?"

"हो."

"आणि न बोलता निघून गेलं तर?"

"तरीही."

"मग हा धंदा नाही धाकटे, ही पाकीटमारी आहे," मामा म्हणाला. पण महिन्याभरात गाडीला दिवसभर उसंत मिळेना, तेव्हा तोच येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागला, "आमच्या भाचीने आम्हाला वर काढलं. वर म्हणजे देवाघरी नव्हे, पहिल्या पानावर."

धाकटीला मात्र घरचाच घोर होता. तिच्या दोन खोल्यांत सध्या ताई राहत होती. ताई एका पिशवीनिशी आली होती, डावा हात प्लास्टरमध्ये. भावोजींनी तो हात दाराच्या फटीत धरून दार लावलं होतं. एकदा नाही. हाड मोडल्याचा आवाज ऐकू आल्यावरही पुन्हा एकदा. त्या दिवसापासून धाकटीने भावोजींना 'अहो-जाहो' करणं सोडलं. तो नुसता 'तो' झाला. धाकटी कुठे राहते ते त्याला माहीत नव्हतं, आणि ते तसंच राहायला हवं होतं. ताई दिवसभर कडी लावून घरात बसे. "प्लास्टर आहे तोवर भांडी तुझी," एवढंच ती म्हणाली होती, आणि हसताना तिने तोंडावर उजवा हात धरला होता, कारण ओठ अजून फाटलेला होता.

रोज सकाळी धाकटी आदल्या दिवशीचे शोध वाचायची. आपली जाहिरात दिसली त्या वेळी लोकांनी नेमके कोणते शब्द लिहिले होते, ते सगळं तिच्यापुढे येई. 'जुना सोफा विकणे', 'सोफ्याचे चित्र' असले निरुपयोगी शब्द ती गाळून टाकी. गाळता गाळता एका सकाळी ती थांबली.

'गादीवर पडणारे रक्ताचे डाग काढणे.'

तिला वाटलं, घाईत कुणीतरी 'पडलेले'ऐवजी 'पडणारे' लिहिलं असेल. रक्ताचे डाग काही नवे नव्हते. नाक फुटतं, जखम वाहते, लोक लाजत लाजत शोधतात. शोधापाठोपाठ घरी येण्याची मागणीही नोंदली गेली होती. मामा आणि पंप गाडी घेऊन गेले आणि तासाभरात फणफणत परत आले.

"म्हातारा म्हणतो, आम्ही कुणाला बोलावलंच नाही. मी म्हटलं, आजोबा, पत्ता तुमचा, मजला तुमचा. आत नेऊन गादी दाखवली त्याने. कोरी करकरीत! मी हात फिरवून पाहिला. साधा चहाचा डाग नाही."

दुसऱ्या दिवशी त्याच घरून फोन आला. या वेळी तो पोलिसांच्या सांगण्यावरून केला होता. म्हाताऱ्याच्या मोठ्या मुलाला धाकट्याने झोपेत नळ आवळायच्या पान्याने मारलं होतं. डोकं गादीत रुतेपर्यंत मारत राहिला होता. पंप संध्याकाळी परतला आणि नळाखाली कोपरापर्यंत हात धूत बसला. मामा पोटमाळ्यावर आला, पण खुर्चीत बसला नाही.

"काल जिथे मी हात फिरवला होता ना," तो म्हणाला, "नेमकी तीच जागा. रक्त खालच्या फळीपर्यंत उतरलं होतं."

योगायोग असतात. धाकटीने ते शिकलेलं होतं. पुरेशी माणसं पुरेसं काही लिहीत राहिली, की त्यातलं काही खरं होणारच. तिने स्वतःला तसं बजावलं. मग पुढच्या आठवड्यात दिसलं, 'भिंतीवर उडणारे रक्त पुसणे.' मागणी होती, पत्ताही होता.

पोलिसांना काय सांगणार? की एका शब्दाचा काळ चुकलाय? ती स्वतःच गाडीत चढली.

दार एका शिवणकाम करणाऱ्या बाईने उघडलं. गळ्यात टेप, तोंडात टाचण्या. तिनेही कुणाला बोलावलं नव्हतं. खोलीतल्या भिंती नुकत्याच रंगवलेल्या, फिकट पिवळ्या.

"फुकट आहे, बाई," मामा म्हणाला. "जाहिरातीसाठी करतोय. तुमचा हा सोफा धुऊन देतो आणि जातो."

"फुकट कुणी काही करत नाही," ती टाचण्यांतून म्हणाली.

"मग चहा द्या."

तिला हसू आलं. ती आत वळली, आणि त्याच क्षणी स्वयंपाकघराच्या बाजूने एक माणूस आत आला. नंतर कळलं, तो तिचा दीर होता, घर कुणाचं यावरून वाद होता. तेव्हा मात्र तो कुणीच नव्हता, नुसता सुरा होता. शिवी नाही, ओरडणं नाही. तो सरळ बाईच्या पाठीकडे गेला. मामाने मध्ये हात घातला आणि पातं मुठीत पकडलं. धाकटीला तो आवाज ऐकू आला, जाड कापड फाटावं तसा. माणसाने सुरा मागे ओढला, मामाच्या तळहाताची कातडी त्याबरोबर उघडली. दुसरा वार मामाच्या कानावर आला. तेवढ्यात पंपाने यंत्राची लोखंडी नळी दोन्ही हातांनी फिरवली. ती माणसाच्या जबड्यावर बसली. तो पडला नाही. पंपाने पुन्हा फिरवली, आणि पुन्हा, आणि माणूस गुडघ्यांवर आला तरी फिरवतच राहिला. धाकटीने ओरडून त्याचा सदरा धरला तेव्हा कुठे तो थांबला.

पिवळ्या भिंतीवर छतापासून खालपर्यंत रक्त उडालं होतं. मामाचं होतं, त्या माणसाचं होतं. बाईचं नव्हतं. बाई कोपऱ्यात उभी होती आणि एकेक टाचणी तोंडातून काढून उशीत टोचत होती.

तेव्हा धाकटीला नियम दिसला. डाग टळत नव्हता. पण आधी पोचलं, तर तो कुणाचा ते बदलत होतं.

"म्हणजे आता आपण हे करायचं?" दवाखान्यात हाताला टाके पडत असताना मामाने विचारलं.

"तुला नको असेल तर..."

"मी कुठे नको म्हणालो? फक्त त्या पंपाला सांग, पुढच्या वेळी पहिल्यांदाच फिरव. माझा कान गेल्यावर काय उपयोग?"

त्यानंतर असे शोध येतच राहिले. 'फरशीवर सांडणारे.' 'उशीत मुरणारे.' प्रत्येकात तोच काळ. धाकटीने या शब्दांवरची बोली वाढवली, म्हणजे आपलं नाव पहिलं दिसेल. मामा आणि पंप जात, काहीतरी निमित्त काढून बसत, आणि वेळ आली की मारामारी करून परत येत. मामाच्या बरगड्या दुखावल्या. पंपाचे पुढचे दात पडले, श्वासाला आता शीळ आली. पण माणसं जगत होती.

मग त्या शब्दांवर आणखी कुणीतरी बोली लावू लागलं.

समोर कोण आहे ते धाकटीला फक्त नावाने दिसे. नाव होतं 'निःशेष'. तिला ते वाचून आधी गंमत वाटली. शाळेत भाग निःशेष जातो म्हणायचो, खाली बाकी शून्य. त्यांची जाहिरात एका ओळीची होती: 'डाग पडण्याआधीच.' तिने दिलेला क्रमांक लावला. पलीकडून अतिशय सभ्य, शांत आवाज आला.

"बोला."

"तुमचं ऑफिस कुठे आहे? मला काम द्यायचं होतं."

"तुम्हाला गरज पडली, की आम्हीच फोन करू."

पाठीमागे पाण्याचा आवाज येत होता, मोठ्या जागेत पुष्कळ नळ एकदम सोडल्यासारखा.

पहिल्यांदा ती हरली तो शोध होता, 'अंगणात जळणारी चादर, डाग.' धाकटीची जाहिरात दिसली, पण दुसऱ्या जागी. वरचं नाव निःशेषचं होतं आणि ज्याने कुणी दाबलं त्याने ते दाबलं. त्यामुळे पत्ता मिळाला नाही, फक्त भाग कळला. मामाने गाडी गल्लीगल्लीतून फिरवली. एका बैठ्या घरासमोर एक तरुण उभा होता. हातात रॉकेलचा डबा, बूच उघडलेलं, दुसऱ्या हातात काड्यापेटी. दार सताड उघडं. आतली फरशी ओली, चकचकीत. घरात चमचासुद्धा नव्हता.

पंपाने त्याच्या हातातून डबा काढून घेतला. त्याने सहज देऊन टाकला.

"कोण राहतं इथे?" धाकटीने विचारलं.

तो दाराकडे पाहत राहिला. कपाळावरच्या शिरा अजून फुगलेल्या होत्या, डोळे लाल होते. "मी इथे कशाला आलो?" तो म्हणाला. "एवढं तेल कशाला आणलं मी?"

शेजारणीने कुंपणावरून सांगितलं, ते घर रिकामंच असतं. तिच्या दोरीवर तिच्या कपड्यांशेजारी एक अगदी लहान फ्रॉक वाळत होता. धाकटीने विचारलं तेव्हा शेजारीण फ्रॉककडे वळली आणि तिनेही तो पहिल्यांदाच पाहिल्यासारखा पाहिला.

गोदामापाशी परतल्यावर मामा म्हणाला, "आपण पोचलो तर डाग राहतो, माणूस वाचतो. ते पोचले तर..."

"बाकी शून्य," धाकटी म्हणाली.

त्याच आठवड्यात ताईचा 'तो' गोदामात आला. इस्त्रीचा सदरा, तेल लावलेले केस, बोलणं मऊ.

"मामा, थोरली कुठे आहे एवढंच सांगा. माझा राग गेलाय."

"राग गेला ते बरं झालं. आता तूही जा," मामा म्हणाला.

"बायको आहे ती माझी."

"होती तेव्हा हात धड होता तिचा."

तो हसला. वर पोटमाळ्याकडे पाहिलं आणि धाकटीला म्हणाला, "काय मेहुणीबाई, ताईची आठवण येत नाही वाटतं?" मग नुसताच उभा राहिला, जणू तिच्या चेहऱ्यावर पत्ता लिहिलेला आहे आणि तो सावकाश वाचतोय. गेल्यावर दिसलं, जाताना त्याने पिंपावरचा धारदार चाकू, नळ्या कापायचा, तसाच्या तसा लाकडी खांबात मुठीपर्यंत रोवला होता. पंपाला तो उपटायला खांबाला पाय लावावा लागला.

त्या दिवसापासून धाकटी वेगळ्याच जिद्दीने कामाला लागली. आता नुसती बोली पुरेशी नव्हती. तिने दुकानाची इंटरनेटवरची पानं नव्याने लिहिली. प्रत्येक डाग, प्रत्येक कापड, प्रत्येक गल्ली. जाहिरातीखालच्या फुकटच्या यादीतही मामाचं नाव वर आलं. बोली तिने इतकी चढवली, की मामाने हिशेब बघायचं सोडलं. "मला आकडा सांगू नकोस," तो म्हणाला, "फक्त कुठे जायचं ते सांग."

आणि ते जिंकू लागले. निःशेष दुसऱ्या जागी गेलं, मग नावालाच उरलं. घरी येणारा रस्ता धाकटी रोज बदलत होती, मागे वळून पाहत होती. ताईने हट्ट धरला, प्लास्टर निघालं की आपण दोघी कुठेतरी लांब राहायला जाऊ, तिथे तू हेच काम करशील आणि मी भांडी घासेन. धाकटीने तिला सांगितलं नव्हतं, पण तिने मनाशी हिशेब केला होता: त्याने घर शोधलंच, तरी शोध आधी येईल. ताईच्या रक्ताचा डाग पडायच्या आधी तो माझ्या पडद्यावर येईल. आणि वर आपलंच नाव असेल.

त्या दुपारी तिने पडदा पाहिला. रक्ताच्या सगळ्या शब्दांवर, शंभरात शंभर वेळा, पहिलं नाव मामाचं. एकही शोध हातून गेला नव्हता. अशी अचूकता तिने पुस्तकातल्या उदाहरणांतसुद्धा पाहिली नव्हती. तिने आनंदाने ताईला फोन लावला.

"जेवलीस?"

"आता वाढून घेते. तुमची माणसं गेली की."

"कुठली माणसं?"

"अगं, तुझीच ना? मघाशी फोन आला, गादी धुवायला येतोय म्हणून. मला वाटलं, मामाने पाठवली असतील."

धाकटी उठून उभी राहिली. "ताई, दार उघडू नकोस."

"उघडलं की. आत आलीत ती. किती सभ्य आहेत, बूट बाहेर काढले." मग आवाज बाजूला करून, "हो, तीच खोली," आणि पुन्हा फोनमध्ये, हळू, "एकानेही अजून गादीकडे पाहिलं नाही गं. सगळे माझ्याकडेच बघतायत."

मागे पाण्याचा आवाज सुरू झाला. मग फोन बंद झाला.

पडद्यावर अजूनही शंभरात शंभर होते. धाकटी त्याच्याकडे पाहत राहिली आणि मग तिला ते दिसलं. कामाला लागताना, पहिली बोली लावण्याच्याही आधी, तिने आपल्या घरचं आणि गोदामाचं इंटरनेट जाहिरातीतून वगळून टाकलं होतं. या कामातलं कुणीही आधी हेच करतं, नाहीतर आपल्याच माणसांनी चुकून दाबून आपलेच पैसे कापले जातात. त्या घरातून कुणी काहीही शोधलं, तरी मामाची जाहिरात तिथे दिसणारच नव्हती. आणि जिथे आपण दिसणारच नाही, तो शोध मोजलाही जात नाही. शंभरातून तो आधीच वजा होता.

तिथे वर एकच नाव होतं.

ती लोखंडी जिन्यावरून पडत-झडत उतरली. "मामा, ताई!" एवढंच तिला म्हणता आलं. मामाने अर्धी धुतलेली गादी तशीच टाकली.

गाडी चढाला लागली तेव्हा समोरून एक पांढरी गाडी सावकाश उतरत गेली. तिच्यावर काही लिहिलेलं नव्हतं. मागच्या दारातून पाणी ठिबकत होतं. स्वच्छ पाणी.

इमारतीच्या जिन्यात तो होता.

चढत होता. हातात गाडीचं चाक खोलायचा पाना, सदऱ्याच्या बाह्या दुमडलेल्या. तो अजून पोचलाच नव्हता.

"जावई," मामा म्हणाला.

तो वळला आणि पाना उगारला. पाना मामाच्या खांद्यावर बसला, हाड वाजलं. मामाने त्याला तसंच मिठीत घेतलं आणि दोघे कठड्यावर आदळले. पंपाने त्याचा हात कठड्याच्या गजांमध्ये घातला आणि सगळं वजन टाकलं. हात मोडला. त्याने किंकाळी फोडली. मामाने त्याचे केस धरून तोंड पायरीच्या कडेवर आपटलं.

"हा थोरलीच्या हातासाठी," मामा म्हणाला, आणि पुन्हा आपटलं. "हा तिच्या ओठासाठी."

धाकटी त्यांच्या अंगावरून वर धावली. पाय रक्तात सरकला. मागे तोच आवाज होता, ओला, ठरावीक अंतराने.

दार लोटलेलं होतं.

आतली फरशी ओली होती. पंखा मोठ्यावर होता. खिडकीशी एक गादी भिंतीला टेकवून वाळत ठेवलेली, पांढरी, नवी असल्यासारखी. उन्हात तिच्यातून वाफ निघत होती. घरात कसलाही वास नव्हता. साबणाचासुद्धा नाही.

तिने हाक मारायला तोंड उघडलं.

तोंडात हाक नव्हती.

ती उभी राहिली. छाती धपापत होती, चपला रक्ताने माखल्या होत्या. इतकं धावत आपण कशासाठी आलो, ते तिने आठवून पाहिलं. पंखा चालू राहिला असेल. सकाळी बंद करायचा विसरला असेल. तिने पंखा बंद केला.

खाली जिन्यात तो आवाज थांबला होता.

ती उतरली. मामा पायरीवर गुडघे टेकून बसला होता, दोन्ही मुठी रक्ताने भरलेल्या, एका मुठीत केसांचा पुंजका. खाली एक माणूस पडला होता. चेहरा राहिला नव्हता, पण एक डोळा उघडा होता आणि त्यांच्याकडे पाहत होता, रागाने नाही. रस्ता चुकलेला माणूस पाहतो तसा.

"धाकटे," मामा हळू आवाजात म्हणाला, "हा कोण गं?"

तिने वाकून पाहिलं. "माहीत नाही."

"मी का मारतोय याला?"

"चोरबीर असेल," पंप म्हणाला. श्वासाची शीळ वाजली. तो आपल्या हातांकडे पाहत होता. मग इतक्या वर्षांच्या सवयीने तो यंत्र आणायला खाली गेला.

पोलिसांनी मामाला नेलं. त्या माणसाला दवाखान्यात नेलं. तो नाव सांगू शकत होता, गाव सांगू शकत होता, या इमारतीत का आला ते सांगू शकत नव्हता. लग्न झालंय का, या रकान्यात त्याने 'नाही' लिहायला सांगितलं. मामाला साहेबांनी विचारलं, काय भांडण होतं?

"भांडण आठवत नाही, साहेब," तो म्हणाला. "पण राग खरा होता."

संध्याकाळी धाकटी घरी आली. दोन खोल्या तिला एकटीला मोठ्या वाटल्या. एवढं भाडं आपण कशाला भरतो, असंही मनात येऊन गेलं. मामाचं आईला कसं सांगावं या विचारात ती बसली होती, तोच आईचाच फोन आला.

"जेवलीस का, धाकटे?"

"आई," ती म्हणाली. मामाचं सांगायचं होतं, पण तोंडातून भलतंच आलं. "मला सगळे धाकटी का म्हणतात गं?"

"म्हणजे?"

"मी एकटीच आहे ना?"

पलीकडे नाक पुसल्याचा आवाज झाला.

"कुणास ठाऊक," आई म्हणाली. "पडलं असेल तसंच. बरं, ते जाऊ दे. मला सांग, डोळ्यांचा चांगला डॉक्टर कुठला? दुपारपासून नुसतं पाणी गळतंय डोळ्यांतून. दुखत नाही, खुपत नाही, पण थांबतच नाही बघ. दोन पदर भिजले."